वाळूत उलट्या काड्या

इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ होतो. आठ उलटा धरला तरी आठच राहतो. आमच्या घरात सगळे मला आठ समजतात.

•

वाईन चाखायची आणि थुंकायची. पाहुण्यांपुढे भांडं सरकवताना वहिनी म्हणते, "लाजू नका. इथे जो थुंकतो तोच जाणकार."

•

उलटेकाकांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक खिळा असायचा. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला तळाशी गंजाचा एक तपकिरी ठिपका होता. धुऊन न जाणारा.

•

द्राक्षाची वेल तीन वर्षं गप्प बसू शकते. तिला कोणी काही विचारत नाही, आणि ती आपणहून सांगत नाही.

•

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटांचा डबा आहे. त्यात पत्र्याचे ऐंशी बिल्ले आहेत. खण उघडताना डबा खडखडायचा, म्हणून मी त्यात एक जुना लोकरी मोजा कोंबलाय.

•

"सभ्य."

एका माणसाने कागदावर एवढंच लिहून पाठवलं, तिथून हे सुरू झालं. तो दुसऱ्यांच्या वाईन चाखून मत देतो. दादाने त्याला आमच्या तीन बाटल्या पाठवल्या होत्या. दादा माझा मोठा भाऊ. तळघर त्याचं, टाक्या त्याच्या, पिंपं त्याची, बाग माझी. वाटणी वगैरे काही नाही, मला तळघरात थंडी वाजते आणि त्याला उन्हात डोकं दुखतं, म्हणून.

तो कागद त्याने तीन नंबरच्या टाकीवर लोहचुंबकाने लावला आणि येताजाता वाचायला लागला.

"शिवी घातली असती तर चाललं असतं," तो म्हणाला. "सभ्य म्हणजे काय? शेजारी आहे का मी त्याचा?"

"तुला नाही म्हणाला, वाईनला म्हणाला," वहिनी म्हणाली. "तुला सभ्य कोण म्हणेल?"

पण आम्हाला तिघांनाही कळलं होतं तो माणूस काय म्हणत होता ते. आमची वाईन म्हणजे पाण्याला द्राक्षाची पुसट आठवण यावी तशी. दोष दादाच्या हातात नव्हता, वेलीत होता. वडिलांनी बाग लावली तेव्हा द्राक्षं वजनावर जायची. त्यांनी भरघोस घड देणारी वेल निवडली. खांद्यापासून रुंद, दाटीवाटीचे, मूठभर नाही, ओंजळभर घड. एवढ्या मण्यांत वेल आपली चव वाटून टाकते आणि कुणाच्याच वाट्याला फारसं काही येत नाही.

"बाग काढायची," दादा म्हणाला. "नवी लावायची. जात हीच, पण निवड दुसरी. छोटे घड, सुटे मणी, जाड साल."

"आणि ती आणायची कुठून?" मी विचारलं.

"उलटेकाकांना विचार. तुला काड्यांतलं काय कळतं?"

हे तो सहज म्हणाला. दादा सगळं सहजच म्हणतो. पण ते वाक्य मी वर्षभर अंगावर वागवलं, स्वेटरमध्ये राहिलेल्या टाचणीसारखं.

•

उलटेकाका नात्याने कुणी नव्हेत. वडिलांच्या वेळेपासून बागेत छाटणी आणि रोपं त्यांच्याकडे. उलटे हे त्यांचं आडनाव नाही. थंडीत छाटलेल्या काड्या ते पन्नास-पन्नासच्या जुड्या बांधून वाळूच्या वाफ्यात ठेवायचे, शेंडा खाली आणि बुडखा वर. वरून चार बोटं वाळू. लहानपणी मला वाटायचं, म्हाताऱ्याची चूक होतेय. एकदा मी गुपचूप दहा जुड्या सुलट्या करून ठेवल्या होत्या. त्यांनी मला वाफ्याच्या कडेला बसवलं.

"हे बघ पोरी. काडीचे डोळे फुटतात वरच्या अंगाला आणि मुळं फुटतात बुडख्याला. डोळे आधी फुटले तर काडी मेली. पाला येतो, पण खाली पाणी ओढायला कोणी नाही. म्हणून डोळ्यांना खाली गारव्यात झोपवायचं आणि बुडख्याला वर उन्हाशी गप्पा मारत ठेवायचं. बुडखा जागा झाला, की मग सगळ्यांना सरळ उभं करायचं."

"म्हणजे उलटं तेच बरोबर?"

"वाळूत. बाहेर नाही."

नाव मीच पाडलं. त्यांना आवडलं. त्यांनी टोपी खुंटीला उलटी अडकवायला सुरुवात केली, ती माझ्यासाठी.

•

टेकडीच्या पलीकडे एका निवृत्त शिक्षकाची छोटी बाग होती. तिथली सहावी ओळ काकांनी हेरून ठेवली होती. वाटाण्याएवढे मणी, सालीला दात लावला तर ती दाताला उत्तर देणारी. बाग विकली गेली होती, वसंतात तिथे घरं उठणार होती. काकांनी त्या थंडीत दोन हजार काड्या आणल्या. चाळीस जुड्या.

आमच्या बागेतल्या नवव्या ओळीतूनही त्यांनी तेवढ्याच काड्या घेतल्या. त्या ओळीत जुन्या वेली सगळ्यांत धडधाकट होत्या. दादाचं तेव्हा ठरत नव्हतं, अर्धी बाग जुन्याची ठेवावी की काय. दोन महिन्यांनी ठरलं: जुन्याचं एकही रोप नको. या वर्षी वरचा अर्धा भाग शिक्षकांच्या काड्यांनी लावायचा, आणि त्या वेली मोठ्या झाल्या की त्यांच्याच काड्या घेऊन पुढे खालचा अर्धा.

वाफ्यात ऐंशी जुड्या डोक्यावर उभ्या होत्या. प्रत्येकीला तारेने अडकवलेला पत्र्याचा बिल्ला, त्यावर ओळीचा इंग्रजी आकडा: शिक्षकांच्या काड्यांना सहा, आमच्या काड्यांना नऊ. काकांकडे आकडे ठोकायची जुनी पेटी होती. तिच्यात नवाचा ठसा वेगळा नव्हता. सहाचाच उलटा धरून ठोकायचा.

वेली उपटल्या त्या दिवशी काका आले नाहीत. ट्रॅक्टरला साखळी, साखळीला खोड. मुळं जमिनीतून सुटताना जुनी चादर फाडल्यासारखा आवाज होतो. मी दिवसभर तो ऐकला आणि संध्याकाळी जेवताना भाकरीचा तुकडाही आवाज न करता मोडला.

•

त्या सकाळचं मी जसं सगळ्यांना सांगते तसं.

काका मुलीकडे गेले होते, तिच्या बाळंतपणासाठी. जाताना म्हणाले होते, "चार दिवसांत येतो. मी आल्याशिवाय वाफा उघडू नका." दुसऱ्या दिवशी ऊन तापलं. तिसऱ्या दिवशी मी एक जुडी उकरून पाहिली, बुडख्यांना पांढऱ्या गाठी आल्या होत्या. मुळं फुटायला टपलेली. लावणी करणारी टोळी दोन दिवसांसाठीच मोकळी होती, नंतर तीन आठवडे दुसरीकडे. मी दादाला फोन केला.

"काका येईपर्यंत थांब ना," तो म्हणाला. "तुला ओळखू येणार आहेत का?"

"बिल्ले आहेत दादा. वाचता येतं मला."

"बरं बाई. सहा लाव. नऊ कुट्टीच्या मशीनमध्ये घाल, परत घोळ नको."

मी पहिली जुडी वाळूतून काढली, झटकली, सरळ उभी केली. बिल्ला हातात घेतला. सहा.

दुसरी. सहा. मग एक नऊ, ती बाजूला. दुपारपर्यंत चाळीस इकडे, चाळीस तिकडे. टोळीचा मुकादम गमत्या होता. प्रत्येक काडी खड्ड्यात ठेवताना म्हणायचा, "डोकं वर हं, डोकं वर, नाहीतर पलीकडच्या देशात उगवशील." संध्याकाळपर्यंत वरच्या अर्ध्या भागात दोन हजार काड्या जमिनीबाहेर दोन-दोन डोळे काढून उभ्या होत्या. उरलेल्या चाळीस जुड्या मशीनमध्ये गेल्या. त्यांचा भुसा मी नव्या काड्यांच्याच बुंध्याशी पसरला, ओल टिकावी म्हणून.

बिल्ले तेवढे मी ठेवून घेतले.

•

काका परत आले ते थेट बागेत. आजोबा झाल्याचं आधी सांगायचं विसरले.

"एवढी घाई?"

"गाठी आल्या होत्या काका."

ते एका ओळीत वाकले. काडी दोन बोटांत धरली, सोडली. "सरळ लावल्यात हं. अंतर पण छान." मग सहज, "सहाच ना?"

"सहाच."

"बिल्ले?"

"ठेवलेत."

"मग झालं," ते म्हणाले, आणि मग आठवून, "मुलगी झाली गं! हे एवढंसं नाक."

•

पहिल्या वर्षी वेल म्हणजे एक हिरवी दोरी. दुसऱ्या वर्षी तिला खोड म्हणावं असं काही येतं. दुसऱ्या थंडीत, खालच्या अर्ध्या भागासाठी काड्या घ्यायची वेळ आली, तेव्हा काका एक काडी बराच वेळ बोटांतून फिरवत राहिले.

"पेरं लांब वाटतायत."

मी शेजारच्या ओळीत छाटत होते. हात थांबवला नाही.

"त्या शिक्षकांकडे डोळे जवळजवळ होते," ते म्हणाले. "हे बघ, दोन डोळ्यांत माझी चार बोटं जातायत."

"कोवळ्या आहेत काका. पाणीही जास्त झालं या वर्षी."

"असं म्हणतेस?"

"मागच्या उन्हाळ्यात किती वाढल्या बघा ना."

"असेल," ते म्हणाले. "तू रोज बघतेस, मी काय, येऊन जाऊन." आणि त्यांनी जुड्या बांधल्या. खालचा अर्धाही लागला.

हा तुकडा मी कुणाला सांगत नाही. सहा-नवाच्या गोष्टीत तो बसत नाही. तिथे बिल्ला नव्हता, वाचायला काही नव्हतं. तिथे फक्त मी होते.

•

तिसऱ्या उन्हाळ्यात घड आले.

ते आधी काकांनी पाहिले. मी पाण्याचा नळ दुरुस्त करत होते, तिथे ते आले आणि उलट्या बादलीवर बसले. मी विचारलं, ऊन लागलं का. त्यांनी हातातला घड पुढे केला. हिरवा, कच्चा, पण आकार लपत नव्हता. खांद्यापासून रुंद, दाटीवाटीचा, ओंजळभर.

"हा तुझ्या वडिलांचा घड आहे," ते म्हणाले.

दादा आला, वहिनी आली. आम्ही चौघं वरच्या भागात ओळीओळीतून फिरलो. प्रत्येक वेलीवर तेच. तीन वर्षं, एक उपटणी, दोन लावण्या, आणि आम्ही जिथून निघालो होतो तिथेच उभे. शिक्षकांच्या बागेच्या जागी आता घरं होती. त्यांच्या गच्च्या आमच्या वरच्या बांधावरून दिसतात, वाळत घातलेल्या चादरींसकट. सहावी ओळ जगात कुठेच उरली नव्हती. जी उरली होती तिचा भुसा मी स्वतः पसरला होता.

दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो घड हातात फिरवत हसला. "काय उलटेकाका. शेवटी उलटंच केलंत ना?"

काका म्हणाले, "केलं असणार."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. जीभ टाळूला लागली होती, बोलायच्या तयारीत. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तू का रडतेस? तुझं काय चुकलं?"

आणि मी डोळे पुसले. बस. एवढंच केलं. डोळे पुसले.

•

काकांनी येणं बंद केलं असं नाही. येत राहिले, पण छाटणीच्या कात्रीला हात लावीनात. "दुसऱ्या कुणाला दे," म्हणायचे. "माझ्या हाताचा भरवसा नाही." खुंटीवर टोपी सुलटी लटकायला लागली. एकदा बाग सोडून निघाले आणि फाटकापाशी थांबून मला हाक मारली, "मी पाण्याचा नळ बंद केला का गं?" मी पाहिला होता त्यांना बंद करताना. तसं सांगितलं. तरी ते परत जाऊन हात लावून आले.

पानगळीत त्यांच्या मुलीचा फोन आला.

"ताई, बागेत काही झालंय का?"

"का गं?"

"बाबा घरात सगळ्यावर चिकटपट्ट्या लावतायत. साखर, मीठ. चपलांवर डावी, उजवी. काल नातीला उचलून घेतलं आणि मला विचारलं, मी बरोबर धरलंय ना? डोकं वर आहे ना? आधी मी हसले. ते नव्हते हसत."

मी म्हटलं, वयाने होतं असं.

"वयाने नाही ताई. उन्हाळ्यापर्यंत ठणठणीत होते. कुणीतरी त्यांना सांगायला हवं, की चूक त्यांची नाही. तुमचं ऐकतील ते."

•

म्हणून मी सांगितलं. रविवारी सकाळी, तळघराबाहेरच्या लांब टेबलापाशी. दादा पिंपं धूत होता, वहिनी पेले पुसत होती. काकांना मी मुद्दाम बोलावलं होतं.

"दादा, नळ बंद कर. सांगायचंय."

"चालू असताना सांग, ऐकू येतं मला."

"काकांनी काही चूक केली नाही. त्यांचे बिल्ले बरोबर होते. मी उलटे वाचले."

नळ दादाने नाही, वहिनीने बंद केला.

मी समजावून सांगितलं. वाळूत जुडी डोक्यावर उभी असते. काका बिल्ला असा ठोकतात आणि असा बांधतात, की तो वाफ्यात सरळ वाचता येईल. मी जुडी काढली, सरळ केली, मग वाचलं. जुडी सरळ झाली आणि आकडा उलटा झाला. नऊ मला सहा दिसले. खऱ्या सहाचे मी नऊ वाचले आणि मशीनमध्ये घातले.

बोलताना माझा आवाज स्थिर होता. मी ते आरशापुढे म्हणून पाहिलं होतं.

पिंपाच्या तोंडातून थेंब थेंब पाणी पडत होतं. मग काकांनी दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले आणि ते बघत राहिले, हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस बघतो तसे.

"म्हणजे मी बरोबर ठोकले होते," ते म्हणाले.

"हो काका."

"बरोबर बांधले होते."

"हो."

त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं ते मी पाहत होते. तिथेच गोष्ट संपली असती तर मी आज हे लिहीत बसले नसते.

"तुला कळलं कधी?" दादाने विचारलं.

"घड पाहिल्यावर."

"आणि तीन महिने गप्प बसलीस? म्हातारा माणूस झुरतोय आणि तू—"

"अहो, सांगतेय ना ती आता," वहिनी म्हणाली.

"थांब." दादा माझ्याकडे बघत होता. चिडून नाही, नीट. पिंपाची फट शोधताना बघतो तसा. "सहा आणि नऊ. एकच ठसा. हे काकांना माहीत नव्हतं का? बिल्ल्यावर काहीतरी खूण असेल ना? वर कुठलं, खाली कुठलं?"

इथे हो म्हणायचं होतं.

"नव्हती," मी म्हणाले.

दादाचे खांदे खाली आले. "मग कोणीही चुकलं असतं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एवढी सुटका होती, की मला कळलं, त्यालाही माझ्यावर रागावायचं नव्हतं. तो फक्त एक फट शोधत होता मला बाहेर काढायला, आणि ती मी त्याला दिली.

काकांचे हात टेबलावरून उठले. उजवा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. तळाशी गंजाचा ठिपका.

"मी रेघ मारायचो," ते म्हणाले. "आकड्याच्या खाली, खिळ्याने. रेघ ज्या बाजूला, ती खालची बाजू. म्हणजे गल्लत नको. तुझ्या वडिलांनीच सांगितलं होतं एकदा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नव्हती?"

"नव्हती काका."

"एकावरही?"

"मला दिसली नाही."

"बिल्ले आहेत का गं कुठे?"

"फेकले."

त्यांनी रिकाम्या खिशावरून बोट फिरवलं. मग हसले, आणि त्या हसण्यात उन्हाळ्यापासूनचा तोच माणूस परत आला, चपलांवर चिकटपट्ट्या लावणारा. "म्हणजे बघ. चाळीस वर्षं मारली, आणि नेमकी त्याच वर्षी राहिली. मला अजून डोळ्यांपुढे दिसतंय मी मारताना. खिळा दिसतोय, पत्रा कुरकुरतोय." त्यांनी मान हलवली. "काय काय दिसतं माणसाला."

उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, तुझा काय दोष. खूणच नव्हती."

•

वहिनी नंतर म्हणाली, "हलकं वाटलं ना आता?"

•

बाग परत काढायची नाही असं ठरलं. दादा म्हणाला, आता हीच वेल, हिच्याकडूनच करून घेऊ. पुढच्या उन्हाळ्यात घड पिकायच्या आधी निम्मे खाली पाडायचे. उरलेल्या निम्म्यांत वेलीला आपली चव ओतावी लागेल. आम्ही तसं केलं. मी रोज सकाळी कात्री घेऊन निघायचे आणि भरलेले, निरोगी घड एकाआड एक तोडायचे. ते पायाशी पडत. दहा वाजेपर्यंत बुटांचे तळ चिकट व्हायचे.

दादाने त्या वाईनच्या तीन बाटल्या त्याच माणसाला पाठवल्या. उत्तर आलं, "बरी. थोडी अपराधी."

दादाला ते फार आवडलं. "सभ्यपेक्षा बरंच की!" जुना कागद काढून त्याने हा नवा टाकीवर लावला. वहिनी म्हणाली, बाटलीवर हेच नाव घालू. सगळे हसले. मीही.

•

आकडे ठोकायची पेटी काकांनी मला देऊन टाकली. खिळा पेटीतच होता, ठशांच्या शेजारी, कापडात गुंडाळलेला.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. पिशवीत बिस्किटांचा डबा होता, मोजा काढून टाकलेला. रस्ताभर तो खडखडत होता. ठरवून गेले होते, की डबा त्यांच्यापुढे ठेवायचा, झाकण काढायचं आणि काही बोलायचं नाही.

ते खिडकीपाशी बसले होते. नात जमिनीवर चमचे मांडत होती. साखरेच्या बरणीवर चिकटपट्टी, मिठाच्या बरणीवर चिकटपट्टी, दाराच्या कडीजवळ एक बाण.

"काय आणलंस, बिस्किटं?" पिशवीकडे पाहून ते म्हणाले.

"नाही. बागेतलं सामान आहे."

"बस. आधी हे बघ." त्यांनी औषधाची बाटली माझ्या हातात दिली. "किती थेंब लिहिलेत? सहा की नऊ?"

बाटलीवर छापील अक्षरं होती. स्वच्छ, सरळ. बाटलीला बूच होतं, तळ होता; वर कुठलं आणि खाली कुठलं हे त्या एवढ्याशा पोरीलाही सांगता आलं असतं.

"तुम्हाला काय दिसतंय काका?"

"मला सहा दिसतायत. पण माझं सोड." त्यांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. "तू वाच. तू वाचशील ते बरोबर."

"सहा," मी म्हणाले.

"हं," ते म्हणाले, आणि नातीला हाक मारली, चमचा आणायला. तिने आणला. त्यांनी तो घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि मग माझ्यापुढे धरला.

मी थेंब मोजून दिले. पिशवी माझ्या पायांमध्ये होती. निघताना ती उचलली तेव्हा डबा वाजला. नात म्हणाली, "खुळखुळा!"

•

त्या सकाळी पहिली जुडी वाळूतून काढून सरळ उभी केली तेव्हा बिल्ल्यावर, आकड्याच्या वरच्या बाजूला, खिळ्याने ओढलेली रेघ होती, आणि ती माती आहे का हे मी अंगठ्याने पुसून पाहिलं होतं.